यवतमाळ ते दिल्ली, मोटारीने

११ जून १९६१, यवतमाळ

काल आईला घेऊन नागपूरहून परत आलो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला अंधाऱ्या खोलीत बसवून अर्धा तास तपासलं आणि मग मला एकट्याला आत बोलावलं. काचबिंदू. डावा डोळा गेल्यातच जमा आहे. उजव्यात जे उरलंय ते राखायचं तर ऑपरेशन करावं लागेल, आणि तेही लवकर.

मी वकील माणूस. उलटतपासणी घेतली. गेलेली नजर परत येईल? नाही. थेंबांनी भागेल? थोडे दिवस. मग तुम्हीच करा ना ऑपरेशन! तर म्हणाले, एकच डोळा शिल्लक आहे, मी हात लावणार नाही, मोठ्या ठिकाणी न्या.

मोठ्या ठिकाणाची सोय आधीच झालेली आहे. धाकटा भाऊ नंदकिशोर दिल्लीत सरकारी नोकरीत; आईच्या डोळ्याचं त्याला मी मागंच कळवलं होतं. त्याच्या बायकोच्या, सुचित्राच्या, ओळखीनं तिथल्या मोठ्या डॉक्टरांची ३ जुलैची वेळ मिळाली आहे. आज त्याचं पत्र आलं. आईचा गुडघा आखडलेला, तिला उकिडवं बसता येत नाही, रेल्वेत दिवस-रात्र काढायची म्हणजे तिच्या जिवाचे हाल. म्हणून तो लिहितो, "दादा, तिला नागपूरहून विमानानं आण. काही तासांचं काम. मला दिवाळीशिवाय रजा नाही, नाहीतर मीच आलो असतो."

आईला पत्र वाचून दाखवलं. विमानाचं नाव काढलं मात्र, ती बसल्या जागी सरळ झाली. "निळू, विमानातून आपलं घर दिसते काय रे? छपराचे कवेलू दिसतात काय?" मग थोड्या वेळानं, "ढगाच्या वरतून जाते म्हणतात, खरं काय?" हे असं चार वेळा. घाबरली बिचारी. या वयात तिला असल्या यंत्रात कोंबणं बरं नव्हे. मोटारीनं नेलेलं काय वाईट? हवं तिथं थांबता येतं.

१४ जून

बाररूममध्ये रामधन वकिलांनी सर्वांसमक्ष विचारलं, "काय नीळकंठराव, विमानानं निघाले म्हणे मायलेक?" बातमी त्यांना कुठून लागते देव जाणे. मी म्हणालो, "छे! विमानात काय, बसलं अन् उतरलं. मी आईला मोटारीनं नेणार. साडेसातशे मैल. देश पाहत जाऊ." सगळे वाहवा म्हणाले. एकानं चहा सांगितला. मला बरं वाटलं.

घरी बायकोला, पद्मजाला, तेच सांगितलं. पोळ्या लाटत होती, लाटत राहिली. मग एवढंच म्हणाली, "आपल्याकडे मोटार कुठंय?"

२० जून

नंदूला पत्र टाकलं. "आई विमानाला अजिबात तयार नाही. नाव काढलं की तिचा जीव घाबरा होतो. मोटारीनं आणतो. डॉक्टरांकडून ३ जुलैऐवजी पुढची तारीख घे."

आईला सांगितलं की विमानात हवेचा दाब असतो, तो डोळ्याला बाधतो. "डॉक्टर म्हणाले?" तिनं विचारलं. मी म्हणालो, हो. ती म्हणाली, "बरं."

हे पाप नव्हे, व्यवस्था आहे. पण पत्र पेटीत टाकून परत येताना नेहमीच्या रस्त्यानं आलो नाही. पोस्टमास्तर ओट्यावर उभे होते, त्यांना तोंड दाखवावंसं वाटेना.

२ जुलै

मोटार मिळाली! दिग्रसच्या एका जिनिंगवाल्या शेटजीची जुनी काळी गाडी. शेटजींचा एक दावा माझ्याकडे आहे, म्हणून दिवाळीपर्यंत वापरायला दिली. गाडीबरोबर ड्रायव्हरही दिला, भीमराज. चाळिशीचा, काटक, लढाईच्या वेळी फौजेत ट्रक चालवलेला. झाशी, आग्रा सगळं त्याच्या पायाखालचं. गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेट उघडलं, बंद केलं आणि म्हणाला, "उद्या निंगाचं काय?"

मला हसू आलं. म्हटलं, अरे बाबा, साडेसातशे मैल आहेत. नकाशा पाहावा लागतो, मुक्काम ठरवावे लागतात, नद्यांची चौकशी करावी लागते. तो म्हणाला, "रस्ता हाये ना साहेब. मंग?" या लोकांना नियोजन म्हणजे काय ते समजत नाही.

१९ जुलै

आठवडाभर धो धो. रस्त्याची स्वतंत्र फाइल केली आहे, लाल फितीची. देवळापार, शिवनी, लखनादौन, नरसिंहपूर, सागर, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा, प्रत्येक गावच्या शाळेच्या हेडमास्तरांना कार्ड टाकलं: रस्ता कसा, उतरायला डाकबंगला आहे काय, खुर्चीवर बसून शौचाची सोय होईल काय. सागरच्या मास्तरांचं हिंदीत उत्तर आलं, काय अक्षर आहे! "माताजी को प्रणाम" असं शेवटी. ते मी आईला दोनदा वाचून दाखवलं.

बर्मन घाटाला नर्मदा आहे. तिथं पूल झाला की नाही यावर दोन मास्तरांची दोन मतं. पावसाळ्यात तो धोका कोण पत्करणार? तेव्हा सप्टेंबर. नंदूला तसं कळवलं. डॉक्टरांनी १८ सप्टेंबर दिली आहे.

दिवसातून तीनदा थेंब मी स्वतःच घालतो. आई मान वर करून बसते आणि प्रत्येक वेळी विचारते, "कवा निंगायचं?" मी म्हणतो, गाडीचं काम होऊ दे. थेंब घालताना माझा हात नीट राहत नाही, गालावर ओघळतो. ती पदरानं पुसते.

६ ऑगस्ट

देवीलाल मिस्त्रीनं गाडीचे ब्रेक उलगडून ठेवलेत. मीच सांगितलं. भीमराजचं मत ब्रेक ठीक आहेत. "साहेब, चालते गाडी कायले मोडून राह्यले?" मी म्हटलं, सोबत आई आहे.

मग तिथंच पडवीत बसून त्यानं आपली गोष्ट सांगितली. पाच वर्षांपूर्वी नागपूरला दीक्षेला गेले तेव्हाची. त्याची आई सत्यभामा तेव्हा दम्यानं अंथरुणात. गावातले सगळे निघाले. त्यानं तिला विचारलंही नव्हतं, तीच म्हणाली, मी येतो. "मंग काय साहेब, भाकरी बांधल्या अन् निंगलो. अर्धी वाट बैलबंडीत, अर्धी ट्रकात, शेवटच्याले माह्या पाठीवर. माह्या कानात म्हणे, भीम्या, पाठ वाकवू नको, मले समोरचं दिसत नाही." तो हसला. पुढं म्हणाला, "दोन महिन्यानं मेली. पण पाहून मेली."

आई आत माजघरात बसून ऐकत होती. मी विषय बदलला. देवीलालला उगाच झापलं की पाना जमिनीवर काहून ठेवतो म्हणून.

२७ ऑगस्ट

आज आईनं मला चहा ओतून दिला. कपाच्या बाजूला. बशीत नाही, सतरंजीवर. आणि तिला कळलं नाही. मी "घे ना आई तूही" असं काहीतरी बोललो आणि रिकामा कप तोंडाला लावला. पद्मजानं पाहिलं. ती उठून आत गेली.

दुपारी नंदूचं पत्र. आईला वाचून दाखवायचं म्हणजे आता माझ्याच तोंडानं. त्यात होतं, "आईला समजाव. विमानात भिण्यासारखं काही नाही. मी स्वतः दोनदा बसलो. एकेक आठवडा महत्त्वाचा आहे असं डॉक्टर म्हणतात." हे सगळं मी गाळलं. बाकीचं वाचलं: हवा, महागाई, सुचित्राचा नमस्कार. आई ऐकून म्हणाली, "डोळ्याचं काहीच नाही लिहिलं काय त्यानं?"

मी म्हणालो, नाही.

हा मी कोण माणूस आहे? कोर्टात पक्षकाराचं म्हणणं मी कधी फिरवलं नाही. तारखा मागितल्या, ते मान्य. घाटंजीचा एक दावा नऊ वर्षं लांबवला, तेही मान्य. त्यात माझी हुशारी होती आणि पक्षकार खूश होता. पण कागदावर आहे ते वाचताना एक अक्षर कधी गाळलं नाही. आज आईपुढं गाळलं.

१४ सप्टेंबर

पोळा झाला. आज खोटं लिहिणार नाही. ही वही कुलपात असते, इथंही खोटं लिहायचं तर वही ठेवायचीच कशाला?

परवा कोर्टाच्या कामाचं निमित्त करून एकटाच नागपूरला गेलो. तिकिटं घेऊनच यायचं ठरवलं होतं. मोटारीचं खूळ सोडून द्यायचं, अठरा तारखेसाठी आईला विमानानं दिल्लीला न्यायचं. विमानतळावर गेलो. कुंपणाशी उभा राहिलो. एक विमान धावपट्टीवरून सुटलं आणि वर गेलं, बस्स. खाली काही नाही, धरायला काही नाही. मी कडुलिंबाच्या बुंध्याला धरून ओकलो. झाडणाऱ्या एका बाईनं लोट्यातून पाणी दिलं अन् विचारलं, "काही खाल्लं काय वाईट?"

तिकिटाच्या खिडकीपर्यंत गेलोच नाही.

हे आजचं नाही. जूनमध्ये पत्र वाचलं तेव्हापासूनचं आहे. मला गच्चीच्या कठड्याशी उभं राहता येत नाही, हे पद्मजाला लग्नापासून ठाऊक आहे. आई भित नाही. आई एक दिवसही भ्यायली नाही. मी भितो. पन्नाशीचा, जिल्ह्यातला नावाजलेला वकील, आणि भितो. हे नंदूला कळवायचं? बाररूममध्ये सांगायचं?

नंदूला लिहिलं, गाडीचे ब्रेक मिळाले नाहीत, पुढची तारीख घे. ब्रेक महिन्यापूर्वीच बसवून झालेत.

१७ सप्टेंबर

पद्मजा आज सरळच बोलली. "मी नेते आईंना विमानानं. तुम्ही घरी राहा. कोणाला काही सांगू नका."

मी उसळलो. काय काय बोललो ते लिहवत नाही. बाईमाणूस एकटी म्हाताऱ्या माणसाला घेऊन, असं. लोक काय म्हणतील, वकिलाची बायको आभाळात अन् वकील घरात, असं. ती शांतपणे ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "लोकांचं सोडा. उद्या आई काय म्हणतील?" मी जोडे घालून बाहेर पडलो आणि दारव्हा नाक्यापर्यंत चालत गेलो.

ती नेऊ शकत होती. उद्यासुद्धा नेऊ शकते. मी हो म्हणायचा अवकाश. आणि मी म्हणत नाही.

८ ऑक्टोबर

खुर्ची तयार झाली. सुतारानं सागवानाची करून दिली, मध्ये गोल भोक, खाली डबा बसतो, घडीची आहे. मोटारीच्या टपावर बांधायची म्हणजे वाटेत आईची आबाळ होणार नाही. तिला बसवून पाहिलं. ती खो खो हसली. "निळू, हे सिंहासन घेऊन दिल्लीले जाशीन तं लोकं मले राणी समजतीन." आणि मग दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे चाचपले, जोडावरून बोटं फिरवली. "चांगली झाली," म्हणाली. पाहिलं नाही. चाचपलं.

ग्वाल्हेरच्या मास्तरांचं कार्ड आलं. चंबळच्या बाजूला डाकूंचा उपद्रव कायम आहे, शक्यतो दिवाळीनंतर यावं. मला या कार्डानं आनंद झाला. आनंद झाला, हे लिहून ठेवतो. एक चांगलं कारण हातात आलं म्हणून. मग स्वतःचीच किळस आली आणि रात्रीचं जेवण गेलं नाही.

२० ऑक्टोबर

काल दसरा. संध्याकाळी माणसं सोनं द्यायला आली. आई खुर्चीत बसून प्रत्येकाला "सुखात राहा" म्हणत होती. आवाजावरून ओळखत होती, आणि इतकी हुशारीनं की कोणाला कळलं नाही. भीमराज आला. तो सोनं वगैरे मानत नाही, पण तिला भेटायला आला. गुपचूप उभा राहिला. ती त्याच्याकडेच तोंड करून बसली होती. मिनिटभरानं तिनं विचारलं, "पद्मा, कोणी हाये काय इथं?"

भीमराज बाहेर आला. मला म्हणाला, "साहेब, मी उद्या तुमाले नागपूरच्या विमानतळावर सोडतो. नाहीतं दिल्लीच्या रस्त्यानं घेतो. तुम्ही बोट दाखवा, तिकडं नेतो. पण आता निंगा." त्याच्या डोळ्यात पाणी होतं. मी म्हणालो, दिवाळीनंतर. तो सायकलवर बसून गेला.

९ नोव्हेंबर

नंदू चार दिवसांपूर्वी आला. रजा काढून, न कळवता. आल्याबरोबर आईच्या पाया पडला आणि तिच्या तोंडापुढं हात हलवून पाहिला. ती हसत होती, "बारीक झाला काय रे नंदू?" म्हणत होती. त्याचा हात तिला दिसला नाही.

संध्याकाळी चहाच्या वेळी त्याचा तोल सुटला. आम्ही सगळे बसलो होतो. तो आईला म्हणाला, "आई, तू का नाही म्हणालीस? दादानं किती पत्रं लिहिली, आई ऐकत नाही, आई विमानाला भिते. एवढं काय त्यात भिण्यासारखं? जूनमध्ये आली असतीस तर डोळा वाचला असता. हट्टापायी डोळा घालवलास तू!"

आईनं तोंड माझ्या दिशेनं वळवलं. मी कुठं बसलोय ते तिला बरोबर ठाऊक होतं. मग नंदूकडे वळून म्हणाली, "काय करू बापा. मले भेव वाटलं. नावच काढलं का पोटात धस्स होये. म्हाताऱ्या माणसाची अक्कल."

"अगं पण दादा एवढा समजावत होता!"

"समजावलं त्यानं. मीच नाही ऐकलं."

पद्मजा माझ्याकडे पाहत होती. आता बोला, आता तरी, असं तिचं सगळं तोंड म्हणत होतं. नंदू पुढंही बोलत राहिला, तोंडाला येईल ते. म्हातारपणी माणूस किती आडमुठं होतं वगैरे. आई मान खाली घालून ऐकत होती, नवऱ्याचं ऐकतात तसं. आणि मी कप खाली ठेवून देव्हाऱ्यातल्या समईची वात सारखी करायला उठलो. सारखीच होती ती.

ही दिवाळी जन्मभर विसरणार नाही.

१३ नोव्हेंबर

नंदू आईला घेऊन गेला. विमानानं. दिल्लीचे डॉक्टर म्हणालेत, उरलंसुरलं काय ते पाहू.

आमच्याच मोटारीतून नागपूरपर्यंत गेलो, भीमराज चालवत होता. वाटभर आई बोलत होती, कळंब आलं काय, वर्धा नदी आली काय. विमानतळावर उतरल्यावर मात्र तिनं एकदम नंदूचा दंड घट्ट धरला. मोठ्यानं "राम राम राम राम" सुरू केलं. "नंदू, मले सोडू नको बापा. हे पडणार तं नाही?" आजूबाजूची माणसं पाहायला लागली. नंदू तिला धीर देत होता, जरा चिडतही होता.

नाटक. सगळं नाटक. पहिल्या दिवशी कवेलू दिसतात काय म्हणून विचारणारी बाई! माझं खोटं उघडं पडू नये म्हणून ती थरथर कापून दाखवत होती. तिथं हे फक्त मला कळत होतं. भीमराजला कळलं असेल तर ठाऊक नाही, तो आमच्याकडे पाठ करून उभा होता.

नंदू सामान द्यायला चार पावलं गेला. तेवढ्यात विमानाच्या पंख्यांचा वारा सुटला, तिच्या तोंडावर आला, पदर उडाला. तिनं तोंड वर केलं आणि हसली. नंदू परत येताच पुन्हा "राम राम".

शेवटी म्हणाली, "निळू, तू नको येजो मांगं. तुले कोर्ट असते." जाता जाता मला एक निमित्तही देऊन गेली. पायऱ्या ती नंदूच्या आधारानं एकेक करून चढली, आखडलेला पाय ओढत. मी ओरडू शकलो असतो. दोनशे पावलांवर होते दोघं. ओरडलो नाही.

परत येताना भीमराजनं कळंबला गाडी उभी केली. चहा घेतला. तो म्हणाला, "साहेब, माय भेत नव्हती." मी म्हणालो, "नाही."

३० नोव्हेंबर

सुचित्राचं पत्र. नंदूनं लिहिलं नाही. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की उशीर झाला. उजेड-अंधार कळेल, खिडकी कुठं आहे ते कळेल, माणूस दिसणार नाही. पाचेक महिने आधी आणायला हवं होतं. "आईंना वाईट वाटू नये म्हणून आम्ही त्यांच्यापुढं हे बोलत नाही. पण हे फार चिडलेले आहेत. परवा पुन्हा त्यांना बोलले. आई म्हणाल्या, माझंच चुकलं."

अजून बोलतोय तो तिला. अजून ती ऐकून घेतेय. मी इथं यवतमाळात बसून जेवतोय, कोर्टात जातोय, लोक नमस्कार करतात.

पद्मजाला पत्र वाचायला दिलं. पूर्ण. तिनं वाचून घडी घातली आणि म्हणाली, "आता?"

३ डिसेंबर

उद्या पहाटे निघतो. शेटजींकडून गाडी आणखी महिनाभर मागून घेतली. रामधन वकिलांना सांगितलं की माझी कामं पाहा. ते म्हणाले, तारखाच घ्यायच्या ना? मी म्हणालो, नाही, चालवा.

विमानानं जायची हिंमत अजूनही नाही. तिकिटासाठी पुन्हा नागपूरला जाईन आणि पुन्हा झाडाला धरून ओकीन. जे जमतं तेच करतो. भीमराजनं विचारलं, नर्मदेचं काय, चंबळचं काय? चेष्टेनं नव्हे, खरंच विचारलं. मी म्हणालो, रस्ता आहे ना.

८ डिसेंबर, दिल्ली

काल संध्याकाळी पोचलो. ४ तारखेला पहाटे यवतमाळ सोडलं. पहिला मुक्काम शिवनीला, दुसरा सागरला, तिसरा झाशीला. नर्मदा दहा मिनिटांत ओलांडली. चंबळच्या बाजूला एक म्हातारा पेरू विकत होता, त्याचे पेरू घेतले. एक चाक पंक्चर झालं, भीमराजनं बदललं. एवढंच. लिहिण्यासारखं दुसरं काही घडलं नाही.

नंदूच्या घरी दार सुचित्रानं उघडलं. आई पलंगावर बसली होती, डोळ्यावर हिरवी पट्टी. माझ्या पावलावरूनच म्हणाली, "निळू?" मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. नंदू खिडकीशी उभा होता, "ये दादा," म्हणाला, कोरडेपणानं नाही. त्याला माझा राग नव्हताच. माझा राग तो तिच्यावर काढत होता.

"विमानानं आला काय?" आईनं विचारलं.

"नाही. मोटारीनं."

"बरं झालं. दमला असशीन. किती दिवस लागले?"

वाटेत झाशीपासून मला ठाऊक होतं की हा प्रश्न येणार. आठ म्हणता आलं असतं. दहा म्हणता आलं असतं; रस्ता खराब, नदी, डाकू, सगळं फाइलमध्ये तयार होतं. भीमराज बाहेर गाडीपाशी होता, खोटं पाडायला कोणी नव्हतं.

"चार," मी म्हणालो.

"चारच?"

"चारच, आई."

नंदू खिडकीतून वळला. "चार दिवस? दादा, मग जूनपासून तू—"

"नंदू, त्याले पाणी दे आधी," आई घाईनं म्हणाली. "मीच नाही निंगत होतो. माहा गुडघा—"

"नाही," मी म्हणालो. "आई भ्यायली नाही. एक दिवस भ्यायली नाही. विमानाला मी भितो. तिनं कधी नाही म्हटलंच नाही. तुझ्या पत्रातलं मी तिला वाचूनच दाखवलं नाही. तुला जे लिहिलं ते सगळं खोटं लिहिलं. डोळा तिनं घालवला नाही, मी घालवला."

सुचित्रा आणलेला पाण्याचा पेला हातात तसाच धरून उभी राहिली. नंदू माझ्याकडे पाहत होता. मग आईकडे. त्याचा चेहरा काय झाला ते मला लिहिता येत नाही. इतके दिवस तिला काय काय बोलला ते त्याला आठवत असणार. तो दार उघडून खाली गेला.

आई चिडली. मी जन्मात तिला इतकी चिडलेली पाहिली नव्हती. "कायले बोलला? सांग, कायले बोलला? डोळा तं गेला. मी सांभाळून घेतलं होतं ना! थोडे दिवस बोलला असता मले, अन् थंडा झाला असता. आईवर पोरगा किती दिवस रागावते? आता तुह्यावर रागावला तं काय करशीन? मले दोनच पोरं हायेत रे."

मला रडू आलं. मी पलंगाच्या कडेशी खाली बसलो. म्हणालो, "आई, माझं चुकलं." ती म्हणाली, "ते मले माहीत हाये. जूनपासून माहीत हाये. थेंब घालताना तुहा हात कापे." मग हात पुढं करून चाचपत तिनं माझं डोकं शोधलं आणि जोरात मागं ढकललं.

"इथं कायले बसला? जाय त्याच्या मांगं."

मी उठलो आणि जिना उतरलो.